मुरणं आणि थांबणं : स्वस्त फ्रेंच रेड वाईनची गोष्ट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला एका सभासदाने आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं, असा उपक्रम क्लब हाऊसमध्ये झाला. त्यातील एका भाषणाचं हे शब्दांकन. वक्ते बी विंगमधील सभासद असून विमान उद्योगातील नोकरीनिमित्त २००२ ते २०१४ या काळात फ्रान्समधील तुलूझ शहरात राहत होते. – संपादक मंडळ)



सूचनाफलकावर विषय लागल्यापासून मला तीन प्रश्न विचारले गेले. पहिला, चाखायला मिळणार का? नाही. चहा आणि वेफर्स आहेत. दुसरा, सोसायटीच्या कार्यक्रमात हा विषय कशाला? आणि तिसरा, 'मुलाने आठ-दहा वर्षांपूर्वी परदेशातून आणलेली बाटली शोकेसमध्ये तशीच आहे, आता तिची किंमत किती वाढली असेल?' त्याच्याकडे मी नंतर येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. मी कुणाला प्या असं सांगायला उभा नाही. जे घेत नाहीत त्यांनी सुरू करायचं काही कारण नाही. रेड वाईन हृदयाला चांगली असं आपण खूप वर्षं ऐकत आलो, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा औषध म्हणून नको. मला बोलायचंय ते एका पदार्थाबद्दल, जो बाटलीत बंद केल्यावरही बदलत राहतो. आणि त्या निमित्ताने वाट पाहण्याबद्दल.

आपल्याकडे यासाठी फार सुंदर क्रियापद आहे, मुरणं. लोणचं मुरतं, मोरावळा मुरतो, माणूससुद्धा राजकारणात मुरतो. इंग्रजी बोलणारे म्हणतात वाईन 'एज' होते, म्हणजे नुसतं वय वाढतं. मुरण्यात वय वाढतंच, शिवाय आतले घटक एकमेकांना सामावून घेतात. वाईनच्या बाबतीत प्रत्यक्षात तेच घडतं.

दुसरा शब्द आहे तुरट. आपल्या सहा रसांत तुरट हा स्वतंत्र रस आहे. आवळा, जांभूळ, सुपारी, कच्चं केळं, जास्त उकळलेला चहा, हे खाल्ल्या-प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, ओढल्यासारख्या होतात. तो तुरटपणा टॅनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन चिकटतं आणि तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. द्राक्षाच्या साली, बिया आणि देठ यांत टॅनिन भरपूर. रेड वाईन करताना रस सालींबरोबर आंबवतात, म्हणून रंगही उतरतो आणि तुरटपणाही. व्हाइट वाईनमध्ये रस साधारणपणे आधीच वेगळा करतात, म्हणून तिथे तो इतका जाणवत नाही. पहिल्यांदा रेड वाईन चाखणारा मराठी माणूस तोंड वाकडं करून 'तुरट आहे' म्हणतो तेव्हा तो अगदी अचूक बोलत असतो.

आता तुलूझची गोष्ट. हे शहर नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, गारोन नदीवर. हीच नदी पुढे बोर्दो शहरातून जाते. आम्ही चौथ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. करार करताना घरमालकाने दोन किल्ल्या दिल्या, एक घराची आणि एक 'काव्ह'ची. काव्ह म्हणजे तळघर. तिकडे अनेक इमारतींत प्रत्येक फ्लॅटला तळघरातली एक छोटी खोली असते, आपल्याकडे पार्किंगचा नंबर असतो तशी. फळ्यांचं दार, त्यावर क्रमांक. लोक तिथे सायकली, जॅमच्या बरण्या, मुलांची जुनी खेळणी आणि वाईन ठेवतात.

तिथेही आपल्यासारखीच फ्लॅटधारकांची संस्था असते. १९६५ चा कायदा आहे, वार्षिक सभा असते, आणि सभेत भांडणंही असतात. आमच्या इमारतीत दोन वर्षं वाद चालला तो तळघराच्या दिव्यावरून. जिन्यात आणि तळघरात बटण दाबलं की दिवा ठराविक वेळ लागतो आणि आपोआप बंद होतो. माणूस बाटलीवरची अक्षरं वाचत असतो आणि डोळ्यांसमोर अंधार. वेळ वाढवावा की वीज वाचवावी, यावर ठराव मतदानाला गेला होता. आपल्या सभांना कंटाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेजाऱ्यांचं पाहून मीही त्या खोलीत एक लाकडी मांडणी केली. बजेट ठरलेलं होतं. बाटलीला आठ ते पंधरा युरो, त्यापुढे नाही. बोर्दोची मोठी नावं आपल्यासाठी नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरलं. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोतल्या मळ्यांची प्रतवारी झाली, ती किरकोळ बदल सोडले तर आजही तशीच आहे. रेड वाईनचे त्यात एकसष्ट मळे आहेत आणि त्यांतले पहिले पाच म्हणजे श्रीमंतांचा प्रांत. पण बोर्दोच्या परिसरात वाईन करणारे हजारोंनी आहेत. त्या यादीबाहेरच्यांची वाईन घ्यायची आणि मुरवायची, हा आमचा छंद.

सप्टेंबरमध्ये तिकडच्या सुपरमार्केटांत वाईनच्या जत्रा भरतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरतात तशा उत्साहाने लोक ट्रॉली भरून बाटल्या नेतात. तिथे मी एक रीत शिकलो. दहा प्रकारची एकेक बाटली घ्यायची नाही. एकाच वाईनच्या सहा किंवा बारा बाटल्या घ्यायच्या, दर एक-दोन वर्षांनी एक उघडायची आणि वहीत लिहायचं. एकच बाटली असेल तर तुम्हाला एका दिवसाचा फोटो मिळतो. बारा असतील तर अख्खं बालपण ते म्हातारपण बघायला मिळतं.

माझ्या वहीतलं एक उदाहरण सांगतो. २००५ सालची ओ-मेदोक भागातली वाईन, बारा बाटल्या. २००५ हे बोर्दोसाठी फार चांगलं वर्ष. ओ-मेदोक हा नदीच्या डाव्या काठाचा प्रदेश. जमीन खड्यांची, पाण्याचा निचरा चांगला, म्हणून तिथे काबर्ने सोव्हिन्यों हे जाड सालीचं, भरपूर टॅनिनचं द्राक्ष पिकतं. सोबत मेर्लो घालतात, ते जरा मऊ.

पहिली बाटली २००८ मध्ये उघडली. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर रंग दाट, कडेला जांभळट छटा. वास काळ्या करवंदाचा, आणि पिंपातल्या ओकच्या लाकडाचा थोडा व्हॅनिलासारखा. चव चांगली, पण शेवटी हिरड्या आखडल्या. वहीत मी एकच शब्द लिहिला, 'दांडगी'.

२०१० मध्ये तिसरी बाटली. फळाचा वास गेलेला आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलेलं नाही. याला तिकडे वाईन 'बंद झाली' म्हणतात. सगळ्याच वाईन यातून जात नाहीत, पण टॅनिनवाल्या पुष्कळ जातात. आपल्या घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असला की कसं असतं, काही विचारलं तर 'हं' एवढंच उत्तर. तो बिघडलेला नसतो. त्याला वेळ हवा असतो. नवखे लोक नेमके इथेच निराश होऊन उरलेल्या बाटल्या वाटून टाकतात.

२०१३ मध्ये सहावी. रंग डाळिंबी, कडेला किंचित विटकरी. वासात करवंद होतं, पण मागच्या रांगेत. पुढे आला होता पेन्सिलीला टोक काढताना येतो तो वास, थोडी तंबाखू, पहिल्या पावसानंतरची पालापाचोळ्याची जमीन. तुरटपणा गेला नव्हता, पण आता तो रेशमाच्या कापडासारखा वाटत होता. बाटलीच्या तळाशी साका बसायला लागला होता.

काय झालं होतं आत? टॅनिनचे छोटे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडून मोठे होत जातात. त्यामुळे जांभळा रंग उतरून विटकरी येतो, आणि तुरटपणाची धार बोथट होते. काही साखळ्या इतक्या मोठ्या होतात की विरघळलेल्या राहत नाहीत, त्याच तळाशी गाळ होऊन बसतात. तो गाळ अपायकारक नाही, फक्त तोंडात कचकच लागतो. म्हणून जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवायची आणि दुसऱ्या भांड्यात सावकाश ओतून घ्यायची, आपण ताकातलं पाणी निवळून घेतो तसं. या सगळ्यात ऑक्सिजनचा हात असतो हे लुई पाश्चरने दाखवलं, वाईनवरचं त्याचं पुस्तक १८६६ चं. पण हात अगदी हलका हवा. बुचातून कणाकणाने आलेली हवा पुरते. जास्त आली की वाईन मुरत नाही, विटते.

आमच्या तुलूझच्या जवळच्या दोन प्रदेशांबद्दल सांगायलाच हवं, कारण स्वस्तात मुरवायला त्यांच्यासारखं दुसरं क्वचित. एक काओर. लोत नदीच्या वळणांवरचा हा भाग, द्राक्ष मालबेक, वाईन इतकी गडद की जुन्या काळी तिला काळी वाईनच म्हणत. १९५६ च्या भीषण हिमकडाक्यात तिथले मळे जवळपास संपले. शेतकऱ्यांनी पुन्हा लागवड केली आणि १९७१ मध्ये त्यांना भौगोलिक नावाचा अधिकृत दर्जा मिळाला. दुसरा मादिराँ. तिथलं द्राक्ष ताना, नावातच टॅनिनची आठवण आहे. तरुणपणी ती वाईन पिणं म्हणजे सुपारीचं खांड चघळणं. पूर्वी लोक ती घेऊन दहा वर्षं विसरून जात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पात्रिक द्युकुर्नो या तिथल्याच वाईन बनवणाऱ्याने टाकीतल्या वाईनमध्ये ऑक्सिजनचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून तुरटपणा मऊ करण्याची पद्धत काढली, ती पुढे जगभर गेली. थांबायला वेळ नसलेल्या काळाचं हे तंत्र. तरीही जुन्या पद्धतीची मादिराँ करणारे आहेत, आणि तिला आठ-दहा वर्षं द्यावीच लागतात.

बाकीच्यांचा हिशेब थोडक्यात सांगतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी बोझोले नूव्हो काही महिन्यांत संपवायची. साधी कोत-द्यु-रोन किंवा साधी बोर्दो दोन ते चार वर्षं. बोझोलेमधलीच, पण मोर्गों किंवा मुलँ-आ-व्हाँ अशी ठरावीक ठिकाणाच्या नावाची असेल तर पाच ते दहा. ल्वारच्या खोऱ्यातली शिनों, जिथे काबर्ने फ्राँ पिकतं, तितकीच. दक्षिणेची जिगोंदास दहा-बारा. चांगली ओ-मेदोक पंधरापर्यंत. हे सगळं चांगल्या वर्षाचं आणि चांगल्या तळघरातलं. बाजारातली बहुसंख्य वाईन मुरवण्यासाठी केलेलीच नसते. ती दोन-तीन वर्षांत पिण्यासाठी असते, आणि त्यात कमीपणा काही नाही. कोशिंबीर कोणी मुरवत नाही.

मुरण्यासाठी काय लागतं? तुरटपणा लागतो, आंबटपणा लागतो, आणि या दोघांना पुरून उरेल इतकं फळ लागतं. नुसती तुरट वाईन ठेवली तर दहा वर्षांनी फळ निघून जातं आणि तुरटपणा तेवढा राहतो. जागा अंधारी हवी, बारा-तेरा अंशांच्या आसपास थंड, थोडी दमट, आणि हादरे नसलेली. बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आक्रसत नाही. आमचं तळघर काही आदर्श नव्हतं. हिवाळ्यात तेरा, उन्हाळ्यात अठरा. पण बदल हळूहळू व्हायचा, आणि वाईनला तो चालतो. तिला मानवत नाही ते दिवसा तापणं आणि रात्री गार होणं. दमटपणाने लेबलं कुजायची, म्हणून शेजारणीने त्यांच्यावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळायला शिकवलं.

याच शेजारीणबाईंची गोष्ट सांगतो, आणि मला आज खरं तर हीच सांगायची होती. त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, निवृत्त शिक्षिका. यजमान रेल्वेत होते. मी राहायला जाण्याच्या दोन वर्षं आधी ते वारले. त्यांच्या खोलीत चोवीस बाटल्या होत्या, १९८५ ची साधी बोर्दो. त्यांनी ती मुलगी कॉलेजात असताना घेतली होती. मुलीच्या लग्नात उघडू म्हणाले. मुलीने लग्न केलं नाही, नुसतं एकत्र राहायचं ठरवलं. मग नातवाच्या बारशाला उघडू म्हणाले. नातू झाला तेव्हा मुलीचं घर दूर होतं, इतक्या बाटल्या कोण नेणार. मग निवृत्तीला. तेव्हा यांची प्रकृती बिघडलेली. अशा त्या चोवीस तशाच राहिल्या, लेबलांवर प्लास्टिक गुंडाळून, अगदी नीट.

२००६ च्या डिसेंबरात बाईंनी इमारतीतल्या आम्हा सात-आठ जणांना खाली बोलावलं. प्रत्येकाने आपापला ग्लास आणायचा. पहिली बाटली उघडली, बूच हातात भुगा झालं. वाईन तपकिरी. वाईट नव्हती, पण रिकामी होती. आंबटसर पाणी म्हणा. दुसरी तशीच. तिसरीला ओल्या पुठ्ठ्याचा वास, म्हणजे बुचाचा दोष. चौथीही गेलेली. कुणी काही बोलेना. दिवा मधूनमधून बंद पडत होता आणि दाराजवळचा माणूस पुन्हा बटण दाबत होता. बाई मात्र एकेक उघडतच होत्या.

सातवी बाटली जिवंत निघाली. एकाच खोक्यातल्या, एकाच वर्षीच्या बाटल्यांमध्येही असा फरक पडतो, कारण प्रत्येकीचं बूच वेगळं. फिकट विटकरी रंग, वासाला सुकलेली गुलाबाची पाकळी आणि जुन्या पुस्तकांचं कपाट. आम्हाला प्रत्येकी दोन घोट आले. बाईंनी आपला ग्लास बराच वेळ नुसता हातात धरला. मग म्हणाल्या की त्यांच्या यजमानांना वाट पाहणं वाईनपेक्षा जास्त आवडायचं. त्या हसत होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं. उरलेल्या बाटल्या आम्ही तिथेच उघडल्या. आणखी दोन बऱ्या निघाल्या. बाकीच्या तळघराच्या मोरीत ओतल्या.

त्या रात्रीनंतर मी माझ्या वहीत प्रत्येक वाईनपुढे एक रकाना वाढवला, 'कधीपर्यंत'. आधी फक्त 'कधीपासून' असायचा.

मंडळी, मुरवण्याचा छंद म्हणजे नुसतं थांबणं नाही. थांबणं सोपं आहे, त्याला काही करावं लागत नाही. कधी उघडायचं हे ठरवणं अवघड. आपल्याकडेही पैठणी खास प्रसंगासाठी घडीवर विरते. चांगली क्रोकरी पाहुण्यांसाठी शोकेसमध्ये असते आणि पाहुणे डिस्पोजेबल प्लेटमध्ये खाऊन जातात. एकच बाटली असली की मोठा प्रसंग शोधावा लागतो. बारा असल्या तर मंगळवारसुद्धा प्रसंग होऊ शकतो. माझ्या वहीतली सगळ्यात आनंदाची नोंद एका साध्या मंगळवारची आहे. जेवायला मसूरची आमटी आणि भात होता.

आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. शोकेसमध्ये, टीव्हीच्या वर, उभी ठेवलेली, आठ-दहा मे महिने पाहिलेली बाटली. तिची किंमत वाढलेली नाही. आपल्या हवेत वाईन मुरत नाही, शिजते. बूच किंचित वर आलं असेल किंवा मानेपाशी चिकट ओघळ असेल तर तिचा निकाल लागलेला आहे. मुलं येताना आणतात, विमानतळावर दोन लिटरची मुभा असते, त्यांचा भाव चांगला असतो. ती बाटली फ्रिजच्या दारात नव्हे, आतल्या खणात आडवी ठेवा आणि काही आठवड्यांत, मुलगा इथे असतानाच, उघडा. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. 'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी' हे युरोपातल्या जुन्या, गार खोल्यांसाठी आहे, सोळा ते अठरा अंशांच्या. आपली रूम बत्तीसची असते. नाशिकच्या वाईनलाही हाच नियम. आणि जे घेत नसतील त्यांनी ती शांतपणे घेणाऱ्या शेजाऱ्याला द्यावी. बी विंग, पाचवा मजला.

शेवटचं एक. आपली संस्था नोंदवली गेली २००० साली. योगायोग असा की २००० हे बोर्दोसाठी नामांकित वर्ष. त्या वर्षीच्या मोठ्या मळ्यांच्या बाटल्या आजही उत्तम असतील, पण आपल्या-माझ्या बजेटमधल्या केव्हाच संपल्या. पंचवीस वर्षं हे साध्या वाईनचं वय नाही. संस्थेचं मात्र आहे. पहिल्या पाच वर्षांतल्या सभा ज्यांना आठवतात, पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगवरून झालेल्या, त्यांना 'दांडगी' हा शब्द का लिहिला ते कळेल. मधली काही वर्षं आपण एकमेकांशी बोलतच नव्हतो, तीही आठवा. आज याच क्लब हाऊसमध्ये ए विंग आणि बी विंग एका रांगेत बसल्यात. थोडा गाळ खाली बसलेला असेल, असू दे. तो हलवायचा नसतो.

 चहा गरम आहे तोवर घ्या. तो मुरवण्यात अर्थ नाही.